बांधावरची लंगडी

आगं बस गं, खोकी काय पळून चाललीत व्हय? टेम्पो आनाया मंचरला ग्येलंय न्हवं तुझं टोपीवालं सायेब — मंग आज येतंय का उद्या, ते त्या टेम्पोवाल्यालाच ठावं. रस्त्याला कांद्याच्या गाड्या लागल्या असतील पार लांबलचक. तवर च्या घे. गुळाचा हाय. सायबानं पयल्या दिशी घोट घेतला आन् तोंडात च्या असतानाच ‘व्हेरी नाईस’ म्हनलं — म्हंजी आर्धं नाईस माझ्या लुगड्यावर. तू पितीस ती बरी. ह्या समद्या शूटिंगवाल्या टोळीत तूच एक गरीब, बाकीचे नुसते भांडत्यात. तू आपली कानाला ती टोपली लावायची आन् काठीला मेलेलं मुंगूस बांधून हिंडायचं. म्या शेजारच्या साळुबाईला म्हनलं बी, बाई, पोरगी दिसायला चांगल्या घरची, पन डोक्यात फरक हाय. मंग तू सांगितलंस माईक हाय, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हनून केसाळ. आता शिकल्याल्या मान्साला खोटं कसं म्हनायचं? म्या आपली मान हालवली.

आन् ह्यो तुमचा सायेब! त्याला म्हनं ‘वाइल्ड’ पायजे. मला इचारतो, अम्मा, इस जंगल में कौन कौन रहता है? म्या म्हनलं, कुटलं जंगल बाबा? ह्यो ऊस हाय, कारखान्याला जायाचाय. तर म्हनं ऊस हाय ते दिसाया नको. खांब दिसाया नको, मोटरीची पेटी नको, पाइप नको, गोवऱ्या नको. म्हस तर साळुबाईच्या दारात न्हिऊन बांधायला लावली — का? तर म्हस वाइल्ड न्हाई! धार काढायला बसव म्हनावं त्याला एक डाव, मंग कळंल किती वाइल्ड हाय ती. आन् मंग काय केलं, तुला तर ठावंच हाय — जीप धाडली घाटघरला, कारवीची झुडपं तोडून आनली आन् उसाच्या कडंनं रोवली, लग्नाच्या मांडवाला डहाळ्या लावत्यात तशी. ती लागली सुकायला. त्यास्नी पानी कोन घालनार? मीच! अख्ख्या जुन्नर तालुक्यात जंगलाला बादलीनं पानी घालनारी बाई एकटी मी. आन् त्यात मी दिसायला नको, बरं का. ‘अम्मा, फ्रेम से बाहर.’ माझं वावर, माझा ऊस, माझी बादली — आन् मीच बाहीर.

आन् आता म्हनं वाघ दिसत न्हाई, चला. वा रं वा! वाघ काय रेशनच्या रांगेत हुबा ऱ्हानार हाय का, थैली घिऊन? — हां हां, बिबट्या म्हन, आमी वाघच म्हनतो. आरं, धीर धरावा जरा मान्सानं. ऊस तुटूस्तवर तरी बसा. मी भाकरी देते, ती तुमची पावं खाऊन आतडी चिकटायची. न्हाई न्हाई, माझं काय अडलंय? माझं काईच अडलं न्हाई. तुमी आला काय, ग्येला काय. आपलं सहज म्हनते.

कोन? त्यो लाल गाडीवाला? त्यो रोज बांदाच्या पल्याडनं हात जोडून ‘नमस्ते सर’ करतो त्यो? त्यो संपत. माझ्या दिराचा ल्योक. लई गुनी. त्याच्या बारशाची कुंची मीच शिवली व्हती. दारू न्हाई, पत्ते न्हाई, देवळात टाळ वाजवतो. एकच दोष — नांगर धरला की हात वाकडा पडतो त्याचा. दर सालाला बांद हातभर हिकडं सरकतो. म्या म्हनलं, संपत, आरं हद्दीचा दगड त्या तितं व्हता की. तर म्हनला, काकू, तुमाला दिसंना झालंय, डोळं तपासून घ्या. आन् सोता गाडीवर बसवून मंचरला घिऊन ग्येला, बरं का! खोटं कशाला बोलू? डाक्टरनं चष्मा दिला. चष्मा लावून बघते तर काय — दगड आजून आत!

हासू नगंस. ती हीर बघ. हां, तीच, तुमी परवा कारवी लावून झाकली ती. सासऱ्यानं वाटनीत आमाला दिल्याली. ह्यांनी आन् मी पाट्या वाहून गाळ काढलाय तिचा. आता बांद आन् हीर, मधी म्हस वळंल एवढी जागा ऱ्हायलीय. आजून एक-दोन डाव नांगर वाकडा पडला, का हीर ग्येली संपतच्या वावरात. मंग मी घागर घिऊन त्याच्या दारात हुबी ऱ्हायची — संपतराव, पानी देता का? आन् त्यो देईल, बरं का. हासून देईल. तेच नको मला. भरत म्हंजी माझा ल्योक, त्यो म्हनतो, आई, सोड त्यो बांद, भोसरीला ये, घरात नळ हाय. ग्येले व्हते की मी. नळ हाय. आवाज करतो त्यो नुसता. बाकी पानी बाहीरनं आनायचं.

कोर्टात? माझ्या शेजारची प्रयागबाई... न्हाई, थांब, प्रयागबाई तर मीच — साळुबाई म्हनायचं व्हतं मला. तर साळुबाईचा सासरा कोर्टात ग्येला व्हता बांदाच्या पायी. त्यो मेला, वकील मेला, बांद तितंच हाय. न्हाई बाय. मला ती आली तवा कळलं, कोर्ट कसं पायजे. ती म्हंजी वाघीन! उसात व्याली, दोन पिल्लं. संपत नांगर घिऊन आला, पिल्लं बघितली आन् जो पळालाय — एक चप्पल आजून असंल उसात. त्या सालाला बांद जागच्या जागी. दगड बी न्हाई हालला. रानडुकरं न्हाई आली, मोटारचोर न्हाई आलं. पगार न्हाई, जेवान न्हाई, अशी राखनदारीन कुनाला मिळती? एक बोकड न्हेला तिनं माझा. म्या गावात सांगितलं, बेल्ह्याच्या बाजारात इकला. मंग काय तर! सांगितलं आसतं तर पंचनामा आला आसता, आन् पंचनाम्याच्या मागनं पिंजरा. राखनीला गडी ठिवला तर त्यो जेवत न्हाई व्हय?

आन् मंग ह्या संपतनंच फॉरेस्टवाल्यांच्या मागं लागून पिंजरा आनला. त्याच्याच वावरात ठिवला, आत शेळी. सापडली बिचारी. गाव असं लोटलं, जशी जत्राच. पोरं काठ्या मारत्यात जाळीवर, कोन फोटू काढतंय, ती आतनं डोकं आपटून आपटून रगात काढतीय. ट्रकात घालून घिऊन ग्येले. मी काय रडले न्हाई. चूल व्हती पेटल्याली, धुरानं येतंच पानी. आन् पुढच्या पेरनीला लगीच बांद —

आं? न्हेली म्हंजी... ती न्हवं गं. ती येगळी. ही तुमची लंगडी येगळी, नवीन. वाघाला काय कमी हाय हितं?

असं का बघतीस? बघ की पावलं! तुमी सोताच बघितली, चुना वतून साचं काढलं. त्यो तुमचा मापं घेनारा, झिपऱ्या, पट्टी लावून मोजत बसला व्हता बांदावर — मी तितंच गोवऱ्या थापत व्हते. काय काय सांगितलं त्यानं सायबाला! म्हनला, मादी हाय. म्हातारी हाय. एक बोट मोडल्यालं हाय, म्हनून पाय नीट पडत न्हाई. शिकारीला जायाचं बळ न्हाई, म्हनून मान्साच्या वस्तीला धरून ऱ्हाती. आन् म्हनला एकटीच हाय, तिच्या संगं कोनी न्हाई. सायबाच्या डोळ्यात पानी! ‘क्वीन’ म्हनाय लागला तिला. लंगडी राणी. आन् मी तितं शेनात हात घालून हुबी, अंगावर काटा आला बघ माझ्या — म्हनलं, मुडद्या, समदं बरुबर सांगितलंस की! जोतिषी व्हायचास, हितं कुटं चुना कालवत बसलास?

म्हंजी... बरुबर म्हंजी... वाघाबद्दल म्हनते मी.

हाताकडं काय बघतीस गं माझ्या? कडबाकुट्टीत ग्येलं व्हतं ते बोट. लई सालं झाली. वाकडं बसलं ते बसलंच. त्यो साचा ठिव आदी खोक्यात. ठिव म्हनते ना! असं हाताजवळ धरून बघाया ते काय बांगडीचं माप हाय?

बरं. तू चलाख हायेस. डोंबिवलीची मान्सं लई चलाख. मूठ अशी वळायची, ओल्या मातीत दाबायची, मंग बोटाच्या टोकानं चार ठिपकं. पोरपनी आमी बारक्या पोरांना भिववायला करायचो. त्यात कसला आलाय कसब? आन् मी काय तुमाला बोलवाया आले व्हते व्हय? संपतसाठी केलं व्हतं ते! त्यानं पुन्ना पिंजरा आनला, आत शेळी बांधली. कोन येनार? ती शेळी अशी खाऊन पिऊन सुटली — पाला मीच घालायचे — की सोडली तवा दारातनं निगंना. मंग गावात झालं, ह्यो वाघ लई हुशार, पिंजऱ्याला बी फसत न्हाई. ते कुनी पेपरात छापलं, आन् तुमी आला गाड्या भरून, माझ्या मुठीचा पिच्चर काढाया!

हसतीस व्हय? हस, हस. पन पावलं खोटी म्हंजी वाघच न्हाई, हे काय कोर्टात... आं? कानाला लावू? मी? आगं केसांना तेल हाय माझ्या, खराब हुईल ते... बरं, लाव. काय ऐकायचंय? तू सांजचं भरून ठिवल्यालं? हां... रातकिडं. हां... ती साळुबाईची मोटर. तवा लाईट आली व्हती वाटतं. हां, ह्यो! ह्यो बघ वाघ! ऐक कशी करवत वढल्यागत वराडतीय — हुर्र, हुर्र — बघ, म्हनलं व्हतं न्हवं मी? आता सांग, हाय का न्हाई वाघ? अंगाशी आल्यागत... आन् हे काय...

‘आई आई गं... मेली कंबर.’

काढ ते कानातलं. काढ गं.

...रांजनात तोंड घालून काढावा लागतो त्यो आवाज. मोकळा रांजन असतो न्हवं, हिरीपाशी, त्यात. वाकावं लागतं लई. दिवेलागनीला संपत जनावरं आत घेतो, त्याला ऐकाया जायाला पायजे. म्हनून. आन् कंबर काय इचारून धरती व्हय?

कवापासनं ठावं हाय तुला? ...म्हंजी आल्या आल्याच? आन् सायबाला सांगितलं न्हाईस? त्यो झिपऱ्या उन्हात मोजत बसला, सायेब रडला, तुमी समदे मच्छर मारत त्या तंबूत बसला — आन् तू गप? का गं? आं? नुसती मान काय उडवतीस? तुला बी कुनी चार डाव ‘फ्रेमच्या बाहीर’ म्हनलं का काय?

हं. असू दे. नको सांगू.

मंग आता ऐक, सरळच सांगते, पुन्ना न्हाई सांगायची. उद्या त्याचा टॅक्टर हाय. बैलाचा नांगर निदान वाकडा जाताना दिसतो तरी, टॅक्टर एका दमात हीर गाठतो. माझ्या पावलांवर आता इश्वास ऱ्हायला न्हाई त्याचा, मला तोंडावर म्हनला, काकू, तुमची वाघीन लई सोयीची हाय, बरुबर बांदावरच मुतती. त्याचा इश्वास तुमच्यावर. तुमच्या मशिनीवर. एवढी मोठी मान्सं एवढी खोकी घिऊन बसल्यात म्हंजी वाघ हायेच! आन् तुमी खोकी भरली म्हंजी न्हाई. मी काय पाया पडत न्हाई तुझ्या. पडनार बी न्हाई, कंबर वाकत न्हाई. तू आपली च्या पी. जायाचं तर जा. साळुबाईच्या दारातनं म्हस तेवढी सोडून आनू लाग मला, ती तुमच्यापायी परकी झालीय.

— गप. गाडी वाजली. त्योच. गाव सांगत बसलं असंल त्याला, शूटिंगवाले चालले म्हनून.

ये रं संपत, ये! आरं आरं, गाडी बांदाच्या पल्याडच ठिव... काय? सायेब? सायेब मंचरला ग्येलंय, कायतरी सामान आनाया. खोकी? ती... आता मला अडानी बाईला काय कळतंय खोक्यातलं? मला कशाला इचारतोस, मी तर सोयीचंच बोलनार. ही बसलीय की शिकल्याली पोरगी. इचार तिलाच. इचार सरळ.

पोरी, त्यो इचारतोय. वाघ हाय का ग्येला.

...

सांग की गं त्याला. काय असंल ते सांग.

...

उठलीस कशाला? ...कानाला काय लावतीस आता? ...

संपत.

बघितलंस? ओठावर बोट ठिवलंय तिनं. उसाकडं बघतीय. आरं गाडी बंद कर ती, मुडद्या! ढकलत ने घरापत्तुर. आन् त्या टॅक्टरवाल्याला सांग, ह्या अंगाला फिरकू नगंस म्हनावं, आवाज चालत न्हाई हितं. न्हाई, मला काय इचारू नगंस. जा. मागं बघू नगंस, बांदावरनं पाय काढ. हळू. हळू रं.