पेटी सोडून सगळं

...नाही हो, तुम्ही त्या क्लेमेंटला नावं ठेवू नका, आधीच सांगून ठेवतो! ठेवायचीच असतील तर मराठी भाषेला ठेवा. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि त्याने भल्या माणसाची काय गत केली ते ऐका तरी. लोकांना काय वाटतं, घर हलवायचं म्हणजे सोपं असतं, ट्रक बोलवा, सामान चढवा, किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि टाटा करा. तो शेजारी म्हणजे मी. किल्ली ही बघा, खिशातच आहे. आणि तुम्हाला सांगतो, लक्षण पहिल्या दिवसापासून ठीक नव्हतं.

क्लेमेंट आमच्या नंदाखाल गावचा, घरामागे केळीची वाडी, पुढे ओटा, आणि नोकरी मुंबईत एका कंपनीत हिशेबाच्या खात्याला. कंपनीने काय केलं, ते खातंच्या खातं उचलून हैदराबादला नेलं. म्हणाले, यायचं तर या, नाहीतर राहा घरी. आता पन्नाशीला टेकलेल्या माणसाला घरी राहून चालतं का? नवीन नोकरी कोण देतो या वयात? गेला बिचारा तयार होऊन. बायको प्रिस्का, तिच्या शिकवण्या होत्या गावात, त्या बंद केल्या. राहिले क्लेमेंटचे वडील, ऑगस्टीनकाका. आणि ऑगस्टीनकाका म्हणजे... थांबा, आधी बजेट सांगतो.

माणूस हिशेबाचा ना, त्याने कॉम्प्युटरवर असं बजेट मांडलं म्हणता! ट्रकचं भाडं, टोल, तिकडच्या घराचं डिपॉझिट, दलालाचं कमिशन, हमालांचा चहा, पडदे तिकडच्या खिडक्यांना बसले नाहीत तर नवे पडदे, आणि शेवटी 'अडीअडचण' म्हणून एक वेगळा रकाना. अडचणसुद्धा रकान्यात बसवली पठ्ठ्याने! मग मोठ्या कौतुकाने वडिलांना दाखवायला गेला. ऑगस्टीनकाकांनी चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, परत वरपासून वाचलं आणि विचारलं, "आणि परतीचं?" ते घरात आपल्या गावच्या बोलीत बोलतात, मी तुम्हाला शाळेतल्या मराठीत सांगतोय.

क्लेमेंट हसला. म्हणाला, पप्पा, परतीचं कशाला, आपण राहायला चाललोय. तर काका म्हणाले, "राहायला तुम्ही चाललाय. मी माझ्या परतीचं विचारतोय."

झालं. हसू गेलं. कारण काकांची बायको, एस्थरकाकू, इथे चर्चमागे आहे. घरच्यांची कबर आहे तिथे, आणि काकूंच्या शेजारची जागा काकांनी मनात कधीच धरून ठेवलेली. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की जाऊन गवत उपटतात, बोलतात तिच्याशी, केळीचा भाव सांगतात. आता हा माणूस हैदराबादला गेला आणि तिकडेच काही झालं, तर तिथून इथवर आणायचं कोणी आणि कसं? ते लिहायचं कुठल्या रकान्यात? क्लेमेंटने प्रयत्न केला हो. 'परतीचं' एवढं लिहिलं आणि पुढे बोट चालेना. म्हणजे तारीख कुठली घालू? आपण आपल्या बापाचं मरण मांडून बसलोय, असं त्याला वाटलं, आणि त्याने ती ओळ पुसून टाकली. म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्हाला सांगतो, लक्षण ठीक नव्हतं.

त्यात ती पेटी! आता पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? भजनवाल्याला विचाराल तर बाजाची पेटी, आंबेवाल्याला विचाराल तर हापूसची, आणि धंदेवाल्याला विचाराल तर पेटी म्हणजे एक लाख रुपये. पण क्लेमेंटच्या घरात पेटी म्हणजे पेटी. माणसाला शेवटी घालतात ती. मागे वादळात वाडीतला फणस पडला, तर काकांनी सुताराला बोलावून त्या लाकडाची स्वतःच्या मापाची करून घेतली. आत झोपूनसुद्धा पाहिलं म्हणे, पायाशी थोडी जागा जास्त ठेव म्हणाले, बूट घालून जाणार आहे. आणि वाळवी लागू नये म्हणून ती माळ्यावर वाशांना दोराने बांधून टांगली. प्रिस्का लग्न होऊन आली तेव्हा पेटीखाली उभी राहायलाही घाबरायची. आता काय, नाताळचा गोठा, त्यातले मेंढपाळ, उंट, लाइटच्या माळा, सगळं त्याच पेटीत ठेवते. जागा वाया कशाला घालवायची?

आणि अशा घरात सामान हलवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. चिराग नाव त्याचं, गोड बोलणारा पोरगा, साखरेत घोळलेला. फोन स्पीकरवर, सगळे जेवायला बसलेले. चिराग म्हणतो, "अंकल, टेन्शन नही, सगळं मिळून एक पेटी पकडून चला."

ऑगस्टीनकाकांचा घास हातातच राहिला. म्हणाले, माझी पेटी कोणी पकडायची नाही. तिकडून चिरागला काय ऐकू आलं कोण जाणे, त्याला वाटलं म्हातारा घासाघीस करतोय. म्हणतो, "अंकल, पेटी तर लागणारच! पेटीशिवाय हैदराबादला तुम्हाला कोणीच पोचवणार नाही."

सांगा आता! प्रिस्काने कपाळापासून खांद्यापर्यंत क्रूसाची खूण केली. क्लेमेंटने फोन कापला. ताटातला मासा तसाच गार होत पडला.

शेवटी तोड काकांनीच काढली. म्हणाले, मी येतो. हट्ट करत नाही, तुमच्या पोटाचा प्रश्न आहे. पण पेटी इथेच राहील, जिथे आहे तिथे, बांधलेली. ती इथे असली म्हणजे मला परत यायलाच लागेल, आणि तुम्हाला आणायलाच लागेल, दुसऱ्या पेटीत मी जाणार नाही. क्लेमेंटला एवढं बरं वाटलं! रकाना नको, आकडा नको, तारीख नको, नुसती एक वस्तू जागेवर ठेवायची. त्याने वडिलांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मनापासून दिला हो, त्यात खोट नव्हती. पण शब्द देणाऱ्याने निदान शब्द तरी सांभाळून वापरावेत की नाही?

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक आला. मुकादम सोलापूरकडचा, गालात तंबाखू, कामाला वाघ. त्याच्या माणसांनी बघता बघता घर गुंडाळायला घेतलं. कपाट गुंडाळलं, फ्रिज गुंडाळला, खुर्च्या गुंडाळल्या, सगळ्यांना तोच खाकी पुठ्ठा आणि तीच चिकटपट्टी, कुठली वस्तू कुठली काही ओळखू येईना, घरभर नुसते पुठ्ठ्याचे मुके ठोकळे. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो. काका घरात थांबले नाहीत. मिस्साला गेले आणि तिथून काकूंना सांगायला मागे गेले. प्रिस्काने भिंतीवरचा क्रूस काढला, तो सामानात फुटेल म्हणून ड्रायव्हरला दिला, म्हणाली, भाऊ, हा तुमच्यापुढे केबिनमध्ये ठेवा.

आणि क्लेमेंट मुकादमाला म्हणाला, अगदी स्पष्ट, अगदी सावकाश, हिशेबी माणूस बोलतो तसं म्हणाला, "माळ्यावरची पेटी सोडून सगळं घ्या." वर परत विचारलं, कळलं ना? पेटी सोडून! मुकादम म्हणाला, कळलं सायेब, पेटी सोडून. मग क्लेमेंटला हैदराबादच्या घरमालकाचा फोन आला आणि तो बोलत बोलत वाडीत गेला, कारण घरात आवाज घुमायला लागला होता.

ट्रक गेला. काका आले. गुडघ्यांना माती तशीच. म्हणाले, दोन मिनिटं, पेटीला हात लावून येतो. माळ्यावर चढले... आणि खाली येईनात. क्लेमेंट खालून विचारतोय, पप्पा, काय झालं? पप्पा, उतरताय ना? शेवटी तो वर गेला. बघतो तर वाशांना दोर लोंबतायत. कापलेले नाहीत हं, गाठी नीट उकललेल्या. आणि काका त्या दोराचं टोक हातात घेऊन उभे. क्लेमेंट मला नंतर म्हणाला, त्यांनी मला थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, पण त्यांनी ते टोक माझ्या हातात दिलं आणि खाली उतरले.

गाडीत बसले तिघं, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि सुटले. ट्रक सापडला तो पार कामणच्या रस्त्याला. तिथे खड्डेच असे, की पळणाराही सापडतो. पुढचं मला प्रिस्काने फोनवर सांगितलं, रडत होती की हसत होती, मला कळेना. क्लेमेंट ट्रकपुढे आडवा झाला, म्हणाला, अरे, मी सांगितलं होतं ना, पेटी सोडून! तर मुकादम खाली उतरला, शांतपणे तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "मग सोडली की, सायेब. दोर सोडला, पेटी सोडली, आन् सगळं घेतलं. पेटी बी सगळ्यातच आली न्हवं?"

सांगा, काय चुकलं त्याचं? बांधलेली वस्तू सोडतात, की नाही? बरं, उतरवून द्या म्हणावं, तर जड सामान म्हणून तीच सगळ्यात आधी चढवलेली, पार आत तळाशी. रिकामी जागा दिसली म्हणून तिच्यात उंटांच्या शेजारी प्रिस्काचे काचेचे डिनर सेट भरलेले, वर कपाट, कपाटावर फ्रिज. सगळा ट्रक भर रस्त्यात रिकामा केल्याशिवाय ती निघणार नाही, आणि मागे गाड्यांच्या हॉर्नची रांग. मुकादम म्हणाला, सायेब, आता हैदराबादलाच सोडतो.

परत तोच शब्द! तुम्हाला सांगतो, हा शब्द माणसाच्या मुळावर येतो.

ट्रक निघाला, हे त्याच्या मागे. खड्ड्यांमुळे वेग असा, की चालणारा माणूस पुढे जाईल. काका पुढच्या सीटवर, ट्रककडे बघतायत. आणि मग म्हणाले, बरोबर चाललंय की सगळं. पुढे क्रूस, मग पेटी, मग घरची माणसं. आमच्याकडची रीतच आहे ती, अशीच निघते अंत्ययात्रा. "फक्त बँड राहिला," म्हणाले, आणि नेमका त्याच वेळी त्या ट्रकवाल्याने म्युझिकल हॉर्न वाजवला. प्रिस्का म्हणाली, क्लेमेंटला तेव्हा दिसायला लागलं, की आपण कोणाच्या मागे चाललोय ते आपल्यालाच माहीत नाही. घराच्या, गावाच्या, की शेजारी बसलेल्या बापाच्या?

तेव्हा कुठे त्याने ती पुसलेली ओळ आठवून प्रिस्काकडून चिरागला फोन लावून घेतला. स्पीकरवरच. म्हणाला, माझी एक पेटी चुकून गेली आहे, ती मला परत नंदाखालला हवी. चिराग म्हणतो, येईल की अंकल, पण परतीचं वेगळं लागेल.

परतीचं! एवढे दिवस काका ज्या शब्दाची वाट बघत होते, तो अखेर कोणाच्या तरी तोंडून आला, आणि आला तो परक्याच्या. काका सरळ होऊन बसले, फोन स्वतःच्या हातात घेतला आणि शांतपणे चौकशी केली, बाजारात नारळाची करावी तशी, की पेटी रिकामी आली तर भाडं किती, आणि भरून आली तर किती?

चिराग म्हणाला, "अंकल, आपण वजनावर नाही घेत, जागेवर घेतो. भरलेली असू दे नाहीतर खाली, रेट सेम."

"मग भरूनच आणू," काका म्हणाले, "रिकामी आणून जागा कशाला वाया घालवायची?"