केरबाची घरगाडी

केरबा खराड्याच्या थोरल्या लेकीचं, पमाचं, लग्न झालं ते साल, मंडळी! वैशाखातलं लग्न. मांडव भरलेला, वाजंत्री वाजतायत, नवरी बोहल्यावर उभी — आणि वऱ्हाडातली निम्मी माणसं मांडवाबाहेर! का हो? नवरीपेक्षा देखणं काय होतं तिथं? ते सांगतो. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. दुसऱ्याच्या ताटात बघून जेवणाऱ्याचं पोट कधी भरतं का? बरं, ऐका.

मांडवाबाहेर उभी होती रंगराव मान्याची गाडी. रंगराव म्हणजे केरबाचा साडू. पतसंस्थेत कारकुनी केली, निवृत्त झाला आणि एक जुनी शाळेची बस विकत घेतली. बाकडी काढली. दोन पलंग बसवले, एक शेगडी, पाण्याचं एक पिंप, खिडक्यांना बायकोच्या जुन्या साड्यांचे पडदे. झालं घर! शहरातले लोक मोटरहोम म्हणतात. आपण घरगाडी म्हणू. रंग अजून शाळेचाच, पिवळाधमक. आणि तो पिवळा रंग बघायला केरबाचे पाहुणे केरबाच्या लेकीला सोडून बाहेर!

केरबाची वीटभट्टी होती, मंडळी. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्याच्या विटांची. आणि त्याच्याच दारात एक कारकून भाव खाऊन जातो? तोंडानं म्हणतोय, "या, या, पाव्हणं!" आणि पोटात? पोटात भट्टी पेटलेली!

आता केरबाची आई. गोदाक्का. मोरीत पाय घसरला, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणात. बसवत नाही, जीपचा धक्का सोसत नाही. त्या दिवशी रंगरावनंच तिला आपल्या गाडीत पलंगावर झोपवून मांडवापर्यंत आणली. आक्का खूश! म्हणाली, "केरू, असल्या गाडीतनं मी पडल्या पडल्या माहेरी जाईन की रे! घाट उतरला की माझं गाव. सुंदरीला एकदा बघू दे." सुंदरी म्हणजे तिची धाकटी बहीण, खाली कोकणात. दोघींची कैक वर्षांत गाठ नाही.

रंगराव म्हणाला, "आक्का, परवाच निघू या. मला खाली जायचंच आहे."

एवढं सरळ काम होतं, मंडळी! हो म्हणायचं, एवढंच! पण केरबा काय म्हणाला?

"नको! माझी आई माझ्या गाडीनं जाईल."

कुठली गाडी? अजून घेतलीच नव्हती!

घेतली. पुढच्या महिन्यात घेतली. रंगरावच्या बसपेक्षा हातभर लांब बघून घेतली! आणि मग सुरू झालं काम. हौसा, केरबाची बायको, मोबाईलवर धाकट्या बहिणीचे, म्हणजे रंगरावच्या बायकोचे, फोटो बघायची. "अहो, अनुसयेनं गाडीत पंखा लावला." केरबानं एसी लावला! "अहो, त्यांनी टपावर सोलरची पाटी बसवली." केरबानं दोन बसवल्या! रंगरावचा ओटा फळीचा. केरबा म्हणाला, "फळीवर काय स्वयंपाक करायचा? घर म्हटलं की ओटा कडाप्प्याचा!" आयुष्यभर विटा विकलेला माणूस हो! गाडीत कडाप्पा बसवला. खाली फरशी घातली. भिंतीला संगमरवरी देवघर! गाडीची पाठ वाकली, चाकं फेंगडी झाली, तरी हा म्हणतो, "अजून एक कपाट बसेल."

आक्का आतल्या खोलीतून हाक मारायची, "केरू, कधी निघायचं रे?"

"एवढं कपाट होऊ दे, आई."

हसू नका! मघाशी आरतीला उभे होतात ना? तेव्हा देवाकडं किती जण बघत होते आणि शेजारणीच्या पाटल्यांकडं किती जणी? मी कीर्तनाच्या व्यासपीठावरून बघत होतो!

आता गाडी झाली तयार. गुरुजी आले. म्हणाले, "केरबा, नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा आणि निघा."

"नारळ रंगरावनं फोडला! आपली वास्तुशांत झाली पाहिजे. गावजेवणासकट!"

"अहो, ही गाडी आहे, वास्तू नव्हे!"

"आत चूल आहे का? देव आहे का? मग वास्तूच!"

गुरुजींनी डोकं खाजवलं. "बरं, पण वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरावा लागतो. गाडीचा आग्नेय कोपरा कुठला? गाडी वळली की कोपरा वळला!"

केरबा म्हणाला, "मग वळवायचीच नाही!"

आणि काय केलं ऐका! गाडीचं दार पूर्वेला येईल अशी अंगणात लावली. आग्नेयेच्या चाकाजवळ जमिनीत खड्डा खणला. वास्तुपुरुष लाल कापडात गुंडाळून पुरला, वर माती दाबली! अहो, घर चाकांवर आणि घराचा देव जमिनीत! गावजेवण झालं. बुंदी झाली. रंगरावही जेवला. पोटभर जेवला आणि म्हणाला, "छान केलीत हो गाडी, पाव्हणं." या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. पण केरबाला रात्रभर ते टोचलं. छान म्हणाला! झकास का नाही म्हणाला?

पुढं? आषाढ गेला, श्रावण गेला. हौसा म्हणाली, "अहो, चला की आता. आत्याबाई रोज विचारतात."

"हलवली तर वास्तुपुरुष उघडा पडेल. दसऱ्याला मुहूर्त बघून काढू."

रंगराव आठवड्याला गाडी धुवायचा. चाकांची हवा बघायचा, तेल बघायचा, गाडी फिरती ठेवायचा. गाडीचं असं असतं, मंडळी, वापरली तर टिकते, ठेवली तर मरते! केरबाची गाडी उभ्या उभ्या मेली. एका बाजूची चाकं बसली. बॅटरी उतरली. वायरी उंदरांनी कुरतडल्या. केरबा रोज बाहेरून काच पुसायचा, चमकवायचा! आत काय चाललंय ते कोण बघतो? आपणही बाहेरूनच पुसतो, नाही का?

दसरा आला. गाडीला झेंडूची माळ. आक्का म्हणाली, "मला आत तरी झोपव रे." झोपवली. गादी मऊ, वर एसी. केरबानं किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. टक्!

म्हातारी हसली. म्हणाली, "केरू, तुझ्या गाडीतनं मी माहेरी जायचं म्हणजे माहेरानंच इकडं यायला पाहिजे!"

आणि मंडळी, म्हातारीचा शब्द! चार-पाच दिवसांनी सकाळी सकाळी हॉर्न वाजला. केरबानं तो हॉर्न ओळखला. आधी मनात काय आलं? — "आला, मिरवायला!" पिवळी गाडी अंगणात आली, दार उघडलं. रंगराव खाली उतरला, मागं वळून हात दिला. आणि त्याच्या हाताला धरून एक वाकलेली म्हातारी खाली आली. हिरवं लुगडं, हातात उकड्या तांदळाचं गाठोडं.

आक्का दसऱ्यापासून केरबाच्या घरगाडीतच झोपत होती, तिनं खिडकीतून बघितलं. "सुंदरे! कशी आलीस गं एवढा घाट चढून?"

"झोपून आले गं गोदे! पाय लांब करून!"

दोघी रडल्या, हसल्या, एकमेकींचे दात मोजले. चार उरले होते दोघींत मिळून! आणि केरबा? आईचं सुख बघून विरघळला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? नाही हो! तो रंगरावच्या गाडीच्या चाकांकडं बघत उभा होता. 'ही गाडी घाट चढली.' एवढंच त्याच्या मनात!

सुंदरामावशी म्हणाली, "केरू, हिला न्यायला आलेय मी."

रंगरावच्या गाडीत कोणी ठेवायचं तिला? लेकानंच! केरबानं आपल्या मऊ गादीवरून आईला दोन हातांवर उचललं. किती हलकी झाली होती! अंगण ओलांडलं. साडूच्या पलंगावर, त्या साडीच्या पडद्याआड, तिला ठेवलं.

रंगराव म्हणाला, "पाव्हणं, पुढं जागा आहे. बसा की माझ्याजवळ."

आक्का म्हणाली, "ये की रे."

एक पाऊल टाकायचं होतं, मंडळी. फक्त एक!

"तुम्ही व्हा पुढं," केरबा म्हणाला. "मी माझ्या गाडीनं येतो."

हौसानं नवऱ्याकडं बघितलं आणि रंगरावच्या गाडीत चढली. पिवळी गाडी गेली.

आणि मग केरबा कामाला लागला. घण घेऊन कडाप्पा फोडला. फरशी उचकटली. देवघर उतरवलं. नवी बॅटरी, नव्या वायरी, नवी चाकं. शेवटी कुदळ घेतली आणि वास्तुपुरुष उकरला. कापडाची माती झटकली, तो मांडीवर ठेवला आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! अशी गरजली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. केरबा हसला. किती महिन्यांनी हसला! त्या आवाजात खिशातला फोन वाजतोय, हे त्याला कळलं नाही.

आता सांगा, केरबा वाईट होता का? आईवर जीव नव्हता त्याचा? होता हो! पण त्या जिवाच्या वाटेत साडू उभा होता. रंगरावनं वाट अडवली नव्हती, यानंच त्याला तिथं उभा करून ठेवला होता! तुमच्या वाटेत कोण उभा आहे? भाऊ? जाऊ? शेजारी? घरी जाल, तेव्हा त्याच्या दारावरून जाल. थांबा. आत जा. त्यानं जागा दिली तर बसा. 'माझ्या गाडीनं येतो' म्हणू नका.

गोदाक्का त्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी सकाळी, माहेरच्या पडवीत, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून वारली. केरबा तिथं नव्हता. तो अंगणात होता, आणि त्याची गाडी सुरू होती.