कंबरभर पाण्यातली मोटरबोट

...आणि वर हे बोटवाले मलाच विचारतात, 'एवढे घाबरता कशाला?' आता तुम्हाला सांगतो, ज्या तळ्याचं पाणी अख्खं गाव पितं, माझी नऊ महिन्यांची नात पिते, त्यात मोटरबोटी गरागरा फिरताना मी घाबरू नको तर काय गाणी म्हणू? बरं, तळं खोल असतं तर मी चकार शब्द काढला नसता. कंबरभर पाणी हो, कंबरभर...

मी पाणीशुद्धीकरण केंद्रात. वल्ह्याच्या होडीतून मध्यावर जायचं, दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडायची, कुठे दिसेनाशी होते ते लिहायचं, हे माझं काम. पूर्वी ताटली तळाला टेकली तरी दिसायची. आता? वीतभर गेली की गडप! कंबरभर पाण्यात बोटीचा पंखा फिरणार कुठे, चिखलातच ना? वर्षानुवर्षं निजलेला गाळ उठतो, त्यातलं खत वर येतं, त्यावर शेवाळ माजतं, आणि चिखल धरून ठेवणारं तळाचं गवत कापलं जातं ते वेगळंच. रविवारी यांची मजा, सोमवारी आमच्या वाळूच्या गाळण्या तुंबलेल्या.

आणि काही शेवाळ विषारी असतं, ते विष उकळूनही जात नाही. हे मला ठाऊक, घरी नाही. बायको म्हणते, 'उकळलंय की, नुसते बाटलीकडे काय बघत बसलाय?' काय सांगू तिला? नातीला पाजायच्या आधी बाटली पुन्हा उजेडात धरून बघतो हो मी.

शेवटी धीर केला, साहेबांकडे गेलो. म्हटलं, बोटी बंद करा साहेब, कंबरभर पाणी आहे. त्यांनी वही चाळली, हळूच म्हणाले, 'आठवड्याला एकच नोंद? आणि या वयात अजून वल्हं मारता?' मला वाटलं, माणूस कळवळला. कळवळलाच. आठ दिवसांत मोटरबोट दिली... मला! गढूळपणा मोजायला! वल्ह्याची होडी त्याच दिवशी भंगारात.

आता मी भर्रकन मध्यावर जातो, मागे चिखलाचा पट्टा, ताटली सोडतो, तर बोटभरसुद्धा दिसत नाही. तो आकडा पाहून साहेब पहिल्यांदा घाबरले, अगदी पांढरे पडले. मला हायसं वाटलं, म्हटलं, आता तरी बोटी थांबणार. घाम पुसत म्हणाले, 'प्रकरण गंभीर आहे. आजपासून रोज चार फेऱ्या मारा.'

...चला, तिसरी राहिलीय.