फुशारकी

मुलांना मराठी शिकवा म्हणता, पण इथे आखातात आमच्याकडे काय झालं ते ऐका. ह्यांच्या प्रमोशनचं घाटत होतं, म्हणून साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं. साहेब मराठीच. फुजैरा बंदरातलं तेलाचं टर्मिनल आपण एकट्याने कसं उभारलं, तेच श्रीखंड येईपर्यंत सांगत होते.

आमची रेवा एरवी सगळी उत्तरं इंग्रजीत देते. त्या दिवशी नेमकी मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही फुशारकी छान मारता."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी घाईने म्हटलं, "तिला वाटतं फुशारकी म्हणजे गोष्ट."

"नाही आई. स्वतःचं मोठं करून सांगणं. सकाळी काकांबद्दल बोलताना तूच समजावलंस."

साहेबांच्या बायकोने शांतपणे आणखी श्रीखंड वाढून घेतलं आणि म्हणाली, "मुलीचं मराठी पक्कं आहे हो."