तिवरांतली हाक

ऐका रे पोरांनो, जरा जवळ सरका. पोरी गो, ते दार लोटून घे. खाडीचा वारा आत येतोय.

आमच्या शेजारी धाकू मयेकर राहायचा. बायको गेल्यापासून एकटा. दिवस दिवस कुणाशी बोलायचा नाही. चुलीचं लाकूड संपलं की कोयता घ्यायचा आणि अंधारात खाडीत उतरायचा, तिवरं तोडायला. अंधारातच का? गावाने बंदी घातली होती ना! खाडीतली ही तिवराची झाडं आहेत म्हणून आपल्या भातशेतीत खारं पाणी शिरत नाही. त्यांच्या मुळांत कोलंबीची पिल्लं वाढतात. ठाऊक होतं त्याला सगळं. तरी जायचा.

असाच एकदा गेला. ओहोटी होती. आसपास चिटपाखरू नाही. त्याने घाव घातला, खट्! आतून आवाज आला, खट्! ह्याने दोन घातले. आतून दोन! पळाला असेल? छे रे! त्याला बरंच वाटलं. म्हणाला, "कोण रे? चल, दोघं मिळून तोडू."

 खट्‌खट् आत आत सरकत गेली. हा तिच्या मागोमाग. आड येईल ते तिवर तोडत.

मग एकदम सगळं शांत. आणि एक बाई म्हणाली, "अहो, जेवलात का?"

भागीचा आवाज! त्याच्या मेलेल्या बायकोचा!

धाकूला रडूच फुटलं. "नाही गो. एकट्याला घास उतरत नाही."

"मग या ना. वाढून ठेवलंय."

एक पाऊल टाकलं, गुडघाभर गाळ. दुसरं टाकलं, कमरेपर्यंत गेला! त्यात भरती चढायला लागलेली. वळून बघतो तर मागे नुसती खुंटं. त्यानेच तोडलेली! धरायला काही म्हणून नाही. पाणी छातीला लागलं. "या ना," आता अगदी कानाशी. मानेवर गारगार हात!

शेजारी एक कोवळं तिवर तेवढं उरलेलं. धाकूने त्याला मिठी मारली आणि ओरडला, "भागी, सोड गो मला!"

हात सुटला. पण ती गेली नाही. रात्रभर जवळच रडत राहिली. ह्याची मान वळवायची छाती झाली नाही.

उजाडल्यावर आमच्या ह्यांनी होडी घालून काढला त्याला. फांदीवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पुढे मला म्हणाला, "वहिनी, भागी होती की कोण, मला नाही माहीत. पण जे होतं ना, ते माझ्याइतकंच एकटं होतं." त्यानंतर तिवराला त्याने कधी कोयता लावला नाही.

ती खुंटांची वाट अजून तशीच आहे, बाबांनो. तिकडे पाऊल टाकू नका. आणि हाक ओळखीची वाटली, तर मुळीच टाकू नका.