बटन दाबून बोलायचं

राजकुमार : अरे दादा, वायरलेसचा अँटेना बल्लीवर कायले बांधला? हा का लग्नाचा भोंगा हाय?

ताराचंद : उंच असला का आवाज दूर जाते. साधी गोष्ट हाय. आन् मंडप-बिछायतीचा धंदा आपला, बल्ल्या पडल्याच हायत घरी.

राजकुमार : म्हणूनच सेटच्या मीटरचा काटा लाल घरात जाऊन बसला. अँटेनाच्या खाली लोखंड पायजे. नाही तं त्याच्या बुडाले चुंबक कायले देलं असतं? सोडा ते सुतळी. गाडीच्या टपावर ठेवा, बराबर मधात.

शालू : मी सकाळपासून तेच म्हणते. पण माझं ऐकते कोण? तुमच्या दादांना सांगा, सेटची वायर हॉर्नच्या वायरीतून नका घेऊ म्हणा. सरळ बॅटरीवरून.

राजकुमार : दादा, शालू म्हणते का...

ताराचंद : आयकलं. तिले सांग, बॅटरीवरूनच घेतली. फ्यूज बी टाकला.

राजकुमार : शालू, दादा म्हणते का...

शालू : ऐकलं मी. इथंच तर उभी आहे.

राजकुमार : मंग मी मधात कायले हाव? एक तं पाय प्लास्टरात, वरून तुमचा दोघांचा डाकिया.

ताराचंद : रीत हाय बाबू. भासरा लहान्या भावाच्या बायकोसंग तोंडानं बोलत नाही. मायनं लावून देलेली रीत हाय.

राजकुमार : मायले का मालूम होतं, तिची लहान सून पिकअप चालवन म्हणून?

ताराचंद : चालवन का नाही, ते अजून ठरलं नाही. आता पाय काटा.

राजकुमार : वा! टपावर ठेवल्याबराबर कसा गुमान खाली आला. मोठ्या साहेबासमोर चपराशी बसते तसा.

ताराचंद : हं. लोखंडच पायजे होतं म्हणजे.

शालू : तुमच्या दादांना विचारा, आता तरी उद्या मंडपाची दुसरी गाडी मी चालवणं पक्कं ना? लग्नाचे दिवस आहेत, ड्रायव्हर शोधून मिळत नाही. मी लायसन काढलं तेव्हा अख्खं एकोडी गाव हसलं. आता गाडीही अंगणात उभी ठेवायची का?

ताराचंद : तिले सांग, मी हसलो नाही. मी भेलो. पिटेझरीच्या जंगलात मोबाइलचा टॉवर नाही. तुले रानडुकरानं फटफटीवरून पाडलं तवा मी समोरच्या गाडीत होतो. तिकडं मंडप उभा करून तुले शिव्या देत बसलो, आला कसा नाही म्हणून. आन् तू इकडं रोडच्या बाजूले पडून. म्हणून तं हे सेट मागवले. मागच्या गाडीचा आवाज समोरच्या गाडीत आला तं दोन्ही गाड्या जातीन. नाही आला तं माझी एकटीच जाईन.

राजकुमार : पण दादा, सेटवर बोलन कोण? मी तं बसू शकत नाही. हा पाय गाडीत दुमडतच नाही.

ताराचंद : रत्नाले बसवू तिच्या गाडीत.

राजकुमार : वहिनीले? वहिनी गाडीत बसली का बोलायच्या अगोदर उलटी करते. सेटवर तेच आयकायचं का जंगलभर?

शालू : मी जाते तलावाच्या पारीवर, बांधावर. तिथून बोलते. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ द्या.

(शालू दुसरी पिकअप घेऊन निघून जाते. ताराचंद आपल्या गाडीत सेटपुढे बसतो. गाडीच्या दाराशी खाटेवर राजकुमार.)

शालू : हॅलो, हॅलो. मी पारीवर पोचले. ऐकू येतं का?

राजकुमार : अरे, जसी काही बाजूले बसून बोलून रायली! बोला दादा.

ताराचंद : तू बोल. हे घे, माइक.

राजकुमार : आज मी बोललो, आन् उद्या? उद्या मी ह्याच खाटेवर रायणार हाव.

ताराचंद : आजच्यापुरता बोल ना बाबू.

शालू : हॅलो? ऐकू येत असेल तर बोला ना कोणी.

ताराचंद : सांग तिले, आयकू आलं म्हणून.

राजकुमार : मी नाही सांगत. बटन दाबा, बोला, सोडा. एवढंच तं हाय.

ताराचंद : कसं बोलू पण? ‘तू’ म्हणलं तं उद्धटपणा होते. ‘तुमी’ म्हणलं तं लोक हसतीन, लहान्या भावाच्या बायकोले कोणी ‘तुमी’ म्हणते का?

राजकुमार : म्हणजे इतके वर्षं तुमी याच्यापायी बोलले नाही?

ताराचंद : रीत तं हायच. पण थोडंसं तेबी हाय.

राजकुमार : धन्य हाय दादा तुमची.

शालू : कोणीच बोलत नाही. म्हणजे लागला नाही सेट. बरं. येते मी परत. लग्नघरी मीच फोन करून सांगते, मंडपाची एकच गाडी येईल म्हणून. मी तर उद्याची शिदोरीसुद्धा ठरवून ठेवली होती... जाऊ द्या. इथंच वळवते गाडी.

राजकुमार : दादा, ती पारीवर वळवून रायली!

ताराचंद : पारीवर? एकीकडं पाणी, एकीकडं धानाच्या खोल बांध्या, वळवते कुठं? शालू! वळवू नोको! शालू!

राजकुमार : बटन दाबा ना! असं वरडून का तलावावर आयकू जाणार हाय?

ताराचंद : शालू! थांब! गाडी वळवू नोको तिथं. सीधी समोर जाय. देवीच्या ठाण्यापाशी मोकळी जागा हाय, तिथं वळव.

राजकुमार : आता सोडा बटन. सोडा! नाही तं ती का म्हणते ते कसं आयकाल?

शालू : ...थांबले. थांबले जी. मागचं चाक अजून रस्त्यावरच आहे.

ताराचंद : ब्रेक लागला हाय का बराबर?

शालू : हो जी. भासरेजी, तुम्हीच बोलताय ना?

ताराचंद : मीच हाव.

शालू : एकदम साफ ऐकू येतं.

ताराचंद : इकडंबी येते. मघापासून येऊन रायलं.

शालू : मघापासून?

राजकुमार : आता का सांगाल?

ताराचंद : चूप बस तू. शालू, ते... माइक हातात होता. सुचत नव्हतं.

शालू : मलाही सुचत नव्हतं जी. येताना रस्ताभर पाठ करत आले, काय म्हणायचं ते. मग उद्याचं?

ताराचंद : उद्या सकाळी निघू. सामान दोन्ही गाड्यांत अर्धं अर्धं भरू. आन् माझी गाडी मागं रायन. तू समोर चाल.

शालू : मी समोर?

ताराचंद : समोर. माझी नजर रायन गाडीवर. काही लागलं तं बोलायचं.

शालू : बोलीन जी. भासरेजी, एक विचारू? खूप दिवसांचं आहे. माझ्या हातचं वरण तुम्हाला आवडतं का नाही? तुम्ही खाली मान घालून जेवता आणि उठता. काही समजत नाही.

ताराचंद : चांगलं असते.

शालू : खरं सांगा.

ताराचंद : मिरची जराशी कमी चालन.

शालू : बापरे! लग्न होऊन आले तेव्हापासून मी मिरची वाढवतच चालले होते. हे म्हणायचे, दादाले तिखटच लागते.

राजकुमार : झालं ना दादा टेस्टिंग? द्या ठेवून आता. बॅटरी उतरन गाडीची.

ताराचंद : थांब बाबू. शालू बोलून रायली.