गळ्यातलं दावं

रोहिणी : आत्या, पीठ राहू द्या, आधी दारात या. तुमचे दीर आलेत, सहादेव नाना. आपल्या दारात!

मालनबाई : काय बोलती? बांधाची केस लागल्यापास्नं ह्या दाराकडं मान वळवली न्हाई त्यानं.

रोहिणी : मग बघा तरी. अनवाणी आहेत, खांद्याला झोळी, आणि गळ्यात गुराचं दावं.

मालनबाई : म्हंजी त्याची गाय दाव्याला मेली, ते खरं हाय तर.

रोहिणी : दाव्याला मेली म्हणजे?

मालनबाई : बांधल्या जागी, गळ्यात दावं आसताना. गोहत्येचं पाप लागतं, पोरी. मग तेच दावं आपल्या गळ्यात घालून पाच गावं भीक मागायची. बोलायचं न्हाई, निस्तं हंबरायचं. शबुद निघाला की समदं वाया, पुन्ना पयल्यापास्नं.

सहादेव : हम्माऽऽ

रोहिणी : बाई गं. काटा आला अंगावर.

मालनबाई : यिऊ दे. लई वाट बघितली म्या ह्या दिसाची. काय रं सहादेव, तिसगावच्या बाजारात मला बघून रस्ता बदलत हुता न्हवं? माझा नवरा गेला, आन तू बांध कोरून माझ्या रानात नांगर घातला. दे की आता उत्तर.

रोहिणी : आत्या, त्यांना बोलता येत नाही.

मालनबाई : म्हनूनच इचारते. कोर्टात ह्याचा वकीलच बोलतो. आज म्या बोलनार, ह्यानं ऐकायचं.

सहादेव : हम्माऽ

रोहिणी : डोळे भरलेत हो त्यांचे. बाहेरची चार गावं झाली असणार, आता आपलं गाव, त्यात हे शेवटचं दार. वाढू का भाकरी? सुटतील बिचारे.

मालनबाई : थांब. गाय कवा मेली, ठावं हाय का? मागल्या तारखेला. ह्यो तिकडं माझ्या इरोधात उभा, आन हिकडं गाय दाव्यात गुतली. सोडवाया घरी कुनी न्हाई. देव आंधळा न्हाई, रोहिणी.

रोहिणी : त्या तारखेला आपणही तिथंच होतो, आत्या. मग गाय कुणाच्या पापानं गेली म्हणायची?

मालनबाई : लई शिकलीस तू. आन ती भाकर हिकडं, म्या वाढते. पर यक ऐकून जा, सहादेव. गाय मेली, ती काय तुला माफ कराया येत न्हाई, म्हनून तुला पाच गावं फिरावं लागतंय. म्या तर जिती हाय. माझ्यापुढं यकदा चुकलो म्हनला आसतास, तर कोर्टाची पायरी चढले नसते म्या.

सहादेव : वैनी.

रोहिणी : नाना, बोलू नका! भाकरी हातात आहे त्यांच्या, एवढं झोळीत पडू द्या.

सहादेव : ऱ्हाऊ दे, पोरी. वैनी, चुकलो. बांध म्याच कोरला. दादाला जाऊन म्हैनाबी झाला न्हवता. तुमी जागा दावा, म्या माझ्या हातानं दगड रोवतो.

रोहिणी : आत्या, ऐकलंत ना? म्हणाले ते. खरंच म्हणाले. पण नाना, आता सगळी गावं पुन्हा?

सहादेव : फिरंन की. पाय हायेत अजून. येतो, वैनी.

मालनबाई : भावजी, उद्या पयलं दार हेच धरा. भाकर ताजी करून ठिवते.